एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसतेय. ऑपरेशनशिवाय बरं झालेलं कोणी आहे का?

रानजाई

नमस्कार मंडळी,

वय ४६, मुक्काम सांगली, नोकरी बँकेत काउंटरवर. पाच आठवड्यांपूर्वी गॅसची भरलेली टाकी दारापासून ओट्यापर्यंत ओढत नेली. तेव्हा काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना कमरेत अशी कळ आली की बेसिनची कड धरून तशीच उभी राहिले. लेकीने येऊन पलंगापर्यंत नेलं. चार दिवसांनी कंबर जरा हलकी झाली, पण दुखणं डाव्या पायात उतरलं. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, तिथून पार करंगळीपर्यंत. खुर्चीत दहा मिनिटं बसलं की पोटरीत कोणी पीळ घालतंय असं वाटतं.

एमआरआय झाला. एल-५ एस-१ मधली, म्हणजे कमरेतल्या अगदी खालच्या मणक्यांमधली चकती बाहेर आलीय आणि डाव्या नसेवर दाब आहे असं रिपोर्टमध्ये लिहिलंय. एक सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून मोकळ्या व्हा. दुसरे म्हणाले, पायात ताकद आहे, आणखी सहा आठवडे थांबू. सासूबाईंनी गादी काढून पलंगावर फळी टाकलीय. जाऊबाई म्हणतात पंचकर्म कर. बँकेतला शिपाई सांगतो, त्यांच्या गावात एक जण कंबर 'बसवून' देतो.

सगळेच माझ्या काळजीने सांगताहेत, पण माझं डोकं चालेनासं झालंय. ऑपरेशनशिवाय कोणी बरं झालंय का? काय केलंत, किती दिवस लागले, कशाचा उपयोग झाला नाही, सगळं लिहा. रात्रीचे दोन वाजलेत. कूस बदलताना जाग आली ती आता झोप लागत नाही.

मुग्धा_फिजिओ

ताई, बाकीचं सगळं नंतर. आधी एवढं सांगा. लघवी नीट होते का, अडकते किंवा नकळत होते असं काही? सायकलच्या सीटवर बसल्यावर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आलाय का? टाचांवर चार पावलं आणि चवड्यांवर चार पावलं चालता येतं का? संध्याकाळी ताप, वजन घटणं, असं काही?

यातलं पहिलं किंवा दुसरं 'हो' असेल तर हा धागा बंद करून आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलात जा. तिथे तासांचा हिशेब असतो.

रानजाई

लघवी-संडास ठीक आहे. बसायच्या जागी बधिरपणा नाही. टाचांवर चालले. भिंतीला हात लावून एकेका पायावर टाच उचलून बघितली, उजव्याने पंधरा वेळा जमलं, डाव्याने दहा वेळा. ताप नाही. वजन घटलं तर मी पेढेच वाटेन!

मुग्धा_फिजिओ

छान. म्हणजे थांबायला वाव आहे. ते दहा आणि पंधरा वहीत लिहून ठेवा आणि दर दोन दिवसांनी मोजा. दहाचे सात, सातचे चार झाले तर सहा आठवडे संपायची वाट बघू नका, लगेच सर्जनना कळवा. सविस्तर रात्री लिहिते, आत्ता पेशंट आहेत.

मीठभाकर

मी आहे ना. २०१९, एल-४ एल-५, उजवा पाय. ऑपरेशन केलं नाही. आज रोज चार किलोमीटर चालतो.

पण खरं सांगायचं तर पहिले दोन महिने फुकट घालवले. पट्टा आवळून पडून राहिलो. दवाखान्यात वजन लावून कंबर ताणली, वीस दिवस. घरी आलो की पुन्हा तेच. पडून राहून मांड्या इतक्या बारीक झाल्या की पँट घसरायला लागली. मग एका डॉक्टरांनी समोर बसवून विचारलं, "दुखू न देता तुम्ही किती वेळ चालू शकता?" म्हटलं, तीन मिनिटं. म्हणाले, मग तीन मिनिटं चाला, दिवसातून सहा वेळा. दोन दिवसांनी चार करा.

बायकोने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखला. ३, ३, ४, ४, ५... मध्ये एक दिवस दहावरून परत पाचवर आलो, तेव्हा अंगणात उभा राहून रडलो. ती म्हणाली, तीनवर तर नाही ना आलात. चौदाव्या आठवड्यात सलग अर्धा तास चाललो. ते कॅलेंडर अजून जपून ठेवलंय.

सातारी_बाणा

फळी काढू नका. आमच्या वडिलांची पाठ फळीनेच टिकली. सासूबाई बरोबर आहेत.

उत्तरा७८

सातारी_बाणा, वडिलांना मान देऊनच सांगते, सगळ्यांना फळी मानवत नाही. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर प्रयोग झाला होता, २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. निम्म्यांना कडक गादी, निम्म्यांना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यमवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं. मी स्वतः फळीवर झोपून खांदे आणि कुल्ले दुखवून घेतले. शेवटी गादीवाल्याकडून जुन्या कापसाची गादी पिंजून घेतली, त्याखाली साधं प्लायवुड. खोलगट नको आणि दगडही नको.

रानजाई, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या. उताणं झोपलात तर गुडघ्यांखाली. रात्री वळताना आधी गुडघे जवळ घ्या आणि खांदे-कंबर एकदम वळवा, पिळू नका. उठताना कुशीवर वळून आधी पाय पलंगाखाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. झोपेची एवढी एक गोष्ट सुधारली तरी अर्धं दुखणं सोसवतं.

मुग्धा_फिजिओ

आता निवांत लिहिते. लांबेल, पण तुमचा रात्री दोनचा प्रतिसाद वाचून थोडक्यात उरकावंसं वाटत नाही.

पहिली गोष्ट शब्दाची. 'चकती सरकली' म्हटलं की कपाटातला कप्पा सरकल्यासारखं चित्र उभं राहतं आणि मग कोणीतरी ती परत 'बसवून' देईल असं वाटतं. चकती सरकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. तिच्या कडेला चीर पडते आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो गर नसेला दाबतो आणि सूजही आणतो. तो हाताने आत ढकलता येत नाही. पण शरीर त्याला परका समजतं आणि पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ च्या एका आढाव्यात, तुटून वेगळे झालेले तुकडे ९६ टक्के आणि बाहेर आलेले गर ७० टक्के लोकांमध्ये आपोआप आक्रसलेले दिसले. जे नुसते फुगलेले होते ते मात्र फार कमी, १३ टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये जे जास्त भीतिदायक दिसतं तेच जिरायची शक्यता जास्त. याला आठवडे-महिने लागतात. तुमचे दुसरे सर्जन सहा आठवडे थांबू म्हणाले ते टोलवाटोलवी म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट एमआरआयची. काहीही दुखत नसलेल्या ३११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून बघितल्या (तोही अभ्यास २०१५ चाच), तर पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या होत्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. म्हणून रिपोर्टमधली 'झीज' वाचून आयुष्यभराची धास्ती घेऊ नका. तुमच्याबाबतीत पायातली कळ आणि तिथे दबलेली एस-१ नस जुळतेय, तेवढं खरं धरायचं. बाकी ओळी वयाच्या आहेत.

तिसरी, पडून राहणं. हेलसिंकीत १९९५ साली नुकतीच कंबर धरलेल्या महापालिका कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस पडून राहायला सांगितलं, एकाला व्यायाम, एकाला 'जमेल तशी रोजची कामं करा'. तिसरा गट सगळ्यांत लवकर बरा झाला. पडून राहिलेले सगळ्यांत मागे. लक्षात घ्या, त्या ताज्या दुखण्यात व्यायामवाल्यांपेक्षाही साधी रोजची हालचाल पुढे गेली. म्हणून पहिल्या दिवसांत मी कोणाला जोर काढायला लावत नाही.

तुम्ही घरी करून बघावं असं एक सांगते. पालथं झोपा, दोन-तीन मिनिटं नुसतं. मग कोपरांवर या, पुस्तक वाचतो तसं. पायातली कळ वर सरकत असेल, म्हणजे करंगळीतून पोटरीत, पोटरीतून कुल्ल्यात, तर कमरेत थोडं वाढलं तरी चालेल, दिशा बरोबर आहे. कळ पायात खाली उतरली तर तिथेच थांबा. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांना हे १९५६ साली चुकून सापडलं. पाय दुखणारा एक पेशंट डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर पालथा पडून राहिला. इतकं मागे वाकवणं तेव्हा कोणी सांगितलंच नसतं. मॅकेन्झी खोलीत परत आले तर तो म्हणतो, पाय दुखायचा थांबलाय. सगळ्यांना हे लागू पडत नाही. मणक्यातला मार्ग अरुंद झालेल्या वयस्कर लोकांना तर उलट पुढे वाकल्यावर बरं वाटतं, बाजारात पिशवीची ढकलगाडी धरून चालताना त्यांना त्रास होत नाही. म्हणून एकदा जवळच्या फिजिओकडून तपासून दिशा ठरवून घ्या.

तुळसकट्टा

मुग्धाताई, माहिती उत्तम. पण पंचकर्माबद्दल एक शब्द नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो.

आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. मला कटिबस्तीचा फार फायदा झाला. उडदाच्या पिठाची घट्ट कणीक मळून कमरेवर दोन बोटं उंचीचं आळं करतात आणि त्यात कोमट तेल ओततात. गार झालं की कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात आणि पुन्हा गरम करून सोडतात. अर्धा तास. पहिल्या दिवशी तेल पडल्यावर जी ऊब आत गेली, ती दोन महिन्यांत मिळालेली पहिली शांत वेळ होती. तिथेच डोळा लागला. सात दिवस ते, सोबत सगळ्या अंगाला स्नेहन म्हणजे तेलाचं मालिश, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक आणि बस्ती म्हणजे औषधी एनिमा.

चकती आत गेली का? ते मला माहीत नाही, मी पुन्हा एमआरआय केला नाही. पण स्नायूंची ती लाकडासारखी आवळ सुटली आणि मी चालायला लागलो.

मुग्धा_फिजिओ

तुळसकट्टा, तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत ना, "चालायला लागलो", मला त्याच्याशीच घेणं आहे. ऊब आणि मालिश यांनी दुखणं उतरतं, हे आधुनिक मार्गदर्शक तत्त्वांनाही मान्य आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये ताज्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी शेक आणि मालिश सुचवलेत. शिकलेल्या वैद्यांकडून करून घ्या, तेल फार गरम नको, मधुमेहाने त्वचेची जाणीव कमी असेल तर विशेष जपा. आणि उतरलेल्या दुखण्याचा तो तास पडून घालवू नका.

माझ्या स्वतःच्या व्यवसायाबद्दलही सांगते. क्लिनिकमध्ये नेऊन वीस मिनिटं कसलंसं यंत्र लावून पडायला सांगतात, व्यायाम एकही शिकवत नाहीत, असं होत असेल तर जागा बदला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या. त्यात अल्ट्रासाउंड, विजेचे झटके देणारं टेन्स, ओढ देणारं ट्रॅक्शन आणि कमरेचे पट्टे नेहमीच्या उपचारात नकोत असं स्पष्ट म्हटलंय. व्यायाम, नीट समजावून सांगणं, मालिश आणि मनाच्या भीतीवर काम हे त्यांनी ठेवलंय.

स्टेअरिंगवाला

पट्ट्याला नावं ठेवू नका मॅडम. बावीस वर्षं गाडी चालवतोय. घाटातला रस्ता, खड्डे, सीटचा फोम गेलेला. पट्टा नसता तर नोकरी सुटली असती. एसीत बसून नियम करणाऱ्यांना काय कळणार.

मुग्धा_फिजिओ

दादा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. हादरे बसत राहणं हे कंबरदुखीचं खरंखुरं कारण आहे आणि ड्रायव्हरांना ते चुकत नाही. ड्युटीपुरता पट्टा लावा, घरी आल्यावर काढा. डेपोत गाडी लागली की लगेच खाली उतरून ओझं उचलू नका, पाच मिनिटं फिरा, कमरेवर हात ठेवून दहा वेळा मागे वाका. आणि सीट इतकी पुढे घ्या की क्लच दाबताना कुल्ला उचलावा लागणार नाही.

स्टेअरिंगवाला

क्लचचं बरोबर आहे. माझा डावा कुल्लाच जास्त दुखतो. बघतो करून.

घाटवाट

सगळे ऑपरेशनशिवाय बरे झालेले लिहिताहेत, म्हणून दुसरी बाजू लिहिणं मला गरजेचं वाटतं. माझा धाकटा भाऊ. पाय दुखत होता, मग एक दिवस दुखणं एकदम कमी झालं. आम्हाला आनंद झाला. तो म्हणाला, चप्पल सारखी निसटतेय. आम्ही चपलेचा पट्टा आवळून घेतला! आठ दिवसांनी लक्षात आलं की पाऊल वर उचललंच जात नाही, चालताना फटक फटक आवाज येतो. नस इतकी दबली होती की दुखायचीही थांबली होती. त्या आठ दिवसांत तो एका ओळखीच्या माणसाकडे कंबर चोळून आणि झटके देऊन घेत होता.

मग ऑपरेशन झालं. पाऊल परत आलं, पण पूर्ण नाही. अजून जिना चढताना अंगठा अडकतो. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बरं झालं असतं. रानजाई, तुम्ही थांबा जरूर, पण चप्पल निसटते का याकडे लक्ष ठेवा. आणि त्या 'बसवून' देणाऱ्याकडे जाऊ नका, हात जोडून सांगतो.

रानजाई

घाटवाट, वाचून अंगावर काटा आला. शिपायाला नाही म्हणून सांगितलं. फळीवर गादी परत आली, सासूबाईंना उत्तराताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "स्पेनच्या लोकांना काय कळतं" म्हणाल्या, पण मग स्वतःच्याही पलंगावर गादी घालून घेतली.

पालथं झोपून कोपरांवर आले. पहिल्या वेळी काही नाही. तिसऱ्या दिवशी करंगळीतल्या मुंग्या गेल्या, आता पोटरीपर्यंतच कळ आहे. हे 'वर सरकणं' म्हणायचं का?

मुग्धा_फिजिओ

हेच ते! दर दोन-तीन तासांनी दहा वेळा, आणि मधे चालणं.

शेवंती

एक वेगळा अनुभव. माझ्या सासूबाईंची कंबर चार महिने दुखत होती. वय झालं, हाडं झिजली, असं सगळेच म्हणाले. तेल, मलम, गोळ्या झाल्या. त्या संध्याकाळी शाल पांघरून बसायच्या, आम्हाला वाटायचं म्हातारपणाची थंडी. ब्लाउज सैल झाले तेव्हा कुठे नणंदेला शंका आली. मणक्याचा क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून औषधं सुरू झाली, वर्षाच्या वर चालली, एकही गोळी चुकवू दिली नाही. ऑपरेशन लागलं नाही. आता त्या तुळशीला पाणी घालायला स्वतः जातात. मुग्धाताईंनी ताप आणि वजनाचं का विचारलं, ते मला लगेच कळलं.

पहाटवारा

माझंही 'चकती' म्हणूनच दोन वर्षं गेलं. वय २६. पहाटे चारला दुखून जाग यायची, सकाळी तासभर कंबर लाकूड, आणि गंमत म्हणजे चाललं की बरं, पडलं की वाईट. इतरांचं उलट असतं. शेवटी संधिवाताच्या तज्ज्ञाकडे गेलो, एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी झाली आणि अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कणा आखडवणारा संधिवात निघाला. त्याची औषधं वेगळीच असतात. तरुण मुलांना सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त राहत असेल तर हे तपासून घ्या.

दर्यावर्दी

मी इंग्लंडमध्ये, लीड्सला असतो. इथे कंबर धरली की डॉक्टर एमआरआय लिहूनच देत नाहीत. पहिल्यांदा मला फार राग आला, भारतात असतो तर दुसऱ्या दिवशी झाला असता असं वाटलं. त्यांचे २०१६ चे नियमच तसे आहेत. पायात अशक्तपणा वगैरे काही गंभीर नसेल तर नेहमीसारखा फोटो काढायचा नाही, पट्टा नाही, ट्रॅक्शन नाही, व्यायामाचे गट आणि काम चालू ठेवणं. माझी सहा आठवड्यांत सुटली. आज वाटतं, तेव्हा रिपोर्ट हातात आला असता तर मी त्यालाच घाबरून बसलो असतो.

केशरीपाटी

मला कण्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं, एक्स-रेच्या यंत्राखाली बघून. पायाची कळ सात आठवडे निम्म्यावर आली, मग हळूहळू परत. पण त्या सात आठवड्यांत व्यायाम सुरू करता आला. नुसत्या कमरेच्या दुखण्यासाठी त्याचा फारसा उपयोग नाही, पायातली कळ असेल तर काही काळ, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पुन्हा घेतलं नाही.

उत्तरा७८

गोळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. मला नसेची म्हणून प्रीगॅबालिन दिली होती, दिवसभर गुंगी. रानजाईताई, तुम्हाला दिलीय का?

रानजाई

हो, रात्रीची. काउंटरवर नोटा मोजताना झोप येते.

मुग्धा_फिजिओ

औषध तुमच्या डॉक्टरांना विचारूनच कमी करा, एकदम तोडू नका. पण जरूर विचारा. सायटिकाच्या, म्हणजे अशी पायात उतरणारी कळ असलेल्या २०९ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला होता, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रीगॅबालिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. पॅरासिटामॉलही ताज्या कंबरदुखीत खोट्या गोळीपेक्षा सरस नाही, असं २०१४ साली निघालं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या थोडे दिवस चालतात, पण ॲसिडिटी, मूत्रपिंड, रक्तदाब यांचा त्रास असेल तर दुकानातून परस्पर घेऊ नका.

कुणग्यावरची

सगळं वाचतेय. पण हे सगळं काउंटर आणि खुर्चीवाल्यांचं झालं. माझी आई ५८ वर्षांची, रत्नागिरी जिल्ह्यात आमची भातशेती. लावणीचे पंधरा दिवस गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, पावसात. "वाकू नका" हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? मागच्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं शेती सोडा. ती आठ दिवस कोणाशी बोलली नाही.

मुग्धा_फिजिओ

"शेती सोडा" असं मीही सांगणार नाही. वाकणं हा गुन्हा नाही. अकरा महिने न वाकलेली कंबर एकदम पंधरा दिवस दहा तास वाकते, तिथे बिनसतं. म्हणून तयारी मे महिन्यात. पाटावरून उठ-बस, रोज दहापासून चाळीसपर्यंत. पालथं झोपून छाती उचलणं, आपलं भुजंगासन आणि शलभासनच. गुडघे वाकवून उताणं झोपून कुल्ले उचलणं, म्हणजे सेतुबंधासन. भरलेली कळशी अंगाजवळ धरून उचलायची सवय.

आणि लावणीत, हातातली तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची मूठ संपली की दुसरी घेण्याआधी सरळ उभं राहायचं, कमरेवर हात, तीनदा मागे वाकायचं. मुठी लांब टाकून ठेवल्या तर घ्यायला चालावं लागेल, तेवढीच कंबर सुटते.

कुणग्यावरची

मूठ संपली की उभं राहायचं, हे आजी करायची! ती उभी राहून गाण्याची ओळ सुरू करायची आणि बाकीच्या बायका वाकून पुढची म्हणायच्या. आईला हे सांगते. हे ती ऐकेल.

मीठभाकर

अवांतर: टाकी ओढू नका हो. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं स्वतःचं वजन धरून जवळजवळ तीस किलो होतात. थोडी तिरकी करून खालच्या कडेवर गोल फिरवत न्यायची. आणणाऱ्या दादांना सांगितलं तर ते आत ठेवून देतात, दहा वेळा तरी मी सांगितलंय, कोणी नाही म्हटलं नाही.

सातारी_बाणा

फळीबद्दल मी मागे घेतो. वडिलांना विचारलं. म्हणाले, "फळीने नाही रे, रोज पहाटे मळ्यात चालत जायचो त्याने." इतकी वर्षं आम्ही फळीला नमस्कार करतोय.

रानजाई

मंडळी, धागा वर काढतेय. आज धागा सुरू केल्यापासून सोळावा आठवडा.

ऑपरेशन झालं नाही. सहाव्या आठवड्यात दुसऱ्या सर्जनकडे गेले, त्यांनी एका पायावर टाच उचलायला लावली, डाव्याने बारा झाल्या. म्हणाले, आणखी थांबू. आता दोन्ही पायांनी वीस होतात. कळ पोटरीतून मांडीत आली, मग कुल्ल्यात, दहाव्या आठवड्यात पाय मोकळा झाला. कमरेत सकाळी जरा जड वाटतं, अंघोळीनंतर जातं. पुन्हा एमआरआय सांगितला नाही, मीही मागितला नाही.

सरळ रेषेत मात्र झालं नाही. आठव्या आठवड्यात चुलत दिराच्या मुलीच्या लग्नाला बसने कोल्हापूरला जाऊन आले आणि दोन दिवस पुन्हा पोटरी धरली. वाटलं, सगळं पाण्यात गेलं. मीठभाकर यांचं "तीनवर तर नाही ना आलात" आठवलं. चालण्याची वही उघडली, पाच मिनिटांपासून पुन्हा धरलं, चौथ्या दिवशी वीसवर होते.

बँकेत मॅनेजर साहेबांना सांगून काउंटरची खुर्ची उंच करून घेतली. दर अर्ध्या तासाने टोकन बदलताना उभी राहते. बेसिनपाशी एक पाय छोट्या पाटावर ठेवून दात घासते. शिंक येतेय असं वाटलं की भिंतीला हात आणि गुडघे सैल. जाऊबाईंच्या आग्रहाने सात दिवस कटिबस्तीही केली. तुळसकट्टा, ती ऊब तुम्ही लिहिलीत तशीच होती. प्रीगॅबालिन डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. फिजिओकडे एकूण पाच वेळा गेले, बाकी घरी.

मुग्धाताई, एकच विचारायचंय. आता बरं वाटतंय तर हे किती दिवस चालू ठेवू? परत होऊ नये म्हणून काय?

मुग्धा_फिजिओ

चालणं सोडू नका. सिडनीत कंबरदुखीतून नुकत्याच सुटलेल्या ७०१ लोकांवर प्रयोग झाला, २०२४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. निम्म्यांना फिजिओच्या मदतीने हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत चालायला लावलं. चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. म्हणजे परत कधीच दुखणार नाही असं नाही. दुखलं तर आता काय करायचं ते तुमच्या वहीत आहे. आठवड्यातून दोनदा पाटावरून उठ-बस आणि कुल्ले उचलणंही ठेवा.

रानजाई

ठेवते. आमराईत सकाळी सहाला जाते. परवापासून सासूबाईही येताहेत, त्यांच्या गुडघ्यांसाठी. दोन फेऱ्या मारून बाकावर बसतात आणि माझ्या फेऱ्या मोजतात.

कुणग्यावरची

आई मे महिन्यापासून रोज पाटावरून उठ-बस करतेय. काल पहिला मोठा पाऊस झाला. आज ओटीवर बसून इरलं काढून बघत होती, कुठे फाटलंय का ते.